नंबर नाही, तरी अक्षरं एकमेकांवर चढतात

ताई, नमस्कार.

माझी मुलगी ११ वर्षांची, सहावीत आहे. तोंडी विचारलं तर सगळं येतं, पण पुस्तक घेऊन बसली की दहा मिनिटांत जांभया सुरू. डोकं दुखतं म्हणते, डोळे चोळते. वाचताना मधली ओळ गाळते, नाहीतर तीच ओळ पुन्हा वाचते. परवा म्हणाली, ‘आई, अक्षरं एकमेकांवर चढतात.’ (वाचताना हाताने डावा डोळा झाकून घ्यायची सवयही लागलीय, सारखं ओरडावं लागतं.) वर्गशिक्षिका म्हणतात लक्ष नाही, सासूबाई म्हणतात मोबाईल. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा ‘६/६ आहे, नंबर नाही, काळजी करू नका’ एवढंच सांगितलं.

मग एका नातेवाइकांच्या ओळखीने पुण्यात एका ठिकाणी गेलो. त्यांनी पंधरा मिनिटं कॉम्प्युटरवर काहीतरी बघायला लावलं आणि ‘व्हिजन थेरपी’ची ४० सत्रं सांगितली, पैसे आगाऊ. त्याने वाचन सुधारेल, मार्क वाढतील, एकाग्रता येईल आणि पुढे चष्माही लागणार नाही म्हणाले. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, ‘असलं काही नसतं, पैसे घालवू नका.’ खरं कुणाचं मानायचं? आणि साताऱ्याहून दर आठवड्याला पुण्याला चकरा झेपतील का, हाही प्रश्न आहेच.

— एक आई, सातारा

*

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. वाचताना ती डावा डोळा झाकते. त्यावरून ओरडणं आजपासून बंद करा, कारण ती पोर स्वतःवर स्वतःच उपचार करतेय. एक डोळा झाकला की अक्षरं एकमेकांवर चढायची थांबतात, हे तिचं तिनेच शोधून काढलंय. कंटाळलेलं मूल कसं असतं ते तुम्हालाही माहीत आहे: ते खिडकीबाहेर बघतं, पाणी प्यायला उठतं, चांगल्या पेन्सिलीला पुन्हा टोक काढत बसतं. हाताने डोळा झाकून पुढची ओळ वाचणारं मूल वाचायची धडपड करत असतं.

पत्रावरून निदान करता येत नाही. पण जांभया, डोकेदुखी, गळणाऱ्या ओळी, दोन-दोन दिसणारी अक्षरं आणि झाकलेला डोळा हे सगळं एकापुढे एक ठेवलं, की माझ्यासारख्या ऑप्टोमेट्रिस्टला, म्हणजे नजर तपासणाऱ्या व्यक्तीला, पहिली शंका येते ती कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सीची. नाव जड आहे, दुखणं मात्र घरबसल्या समजून घेता येतं. आत्ता अंगठा नाकासमोर दोन वितींवर धरा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. अंगठे दोन दिसतील. आता नजर अंगठ्यावर आणा. अंगठा एक झाला आणि घड्याळं दोन झाली. घाबरू नका, सगळ्यांनाच असं दिसतं. जवळचं बघायला दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात, दूरचं बघायला पुन्हा सरळ व्हावे लागतात, आणि ज्याच्यावर दोघांची नजर एकत्र पडते तेवढंच एक दिसतं. एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखं हे काम आहे. जोडीतला एक बैल जरा बाहेर ओढायला लागला की नांगराचं तास वाकडं जातं.

तुमच्या मुलीचे डोळे आत वळत असतील, पण पुस्तकाच्या अंतरावर वळलेले राहत नसतील. पहिली पाच मिनिटं ती जोर लावून ते धरून ठेवते. मग एक डोळा हळूच बाहेर सरकतो आणि एका ओळीच्या दोन ओळी होतात. ती पुन्हा जोर लावते, ओळ एक होते, पुन्हा सुटते. आपली देवनागरी तर शिरोरेषेला टांगलेली. ती रेघच दुहेरी झाली की वरच्या वेलांट्या आणि मात्रा कोणत्या अक्षराच्या हे कळेनासं होतं, आणि मूल ‘दिन’चं ‘दीन’ वाचून मोकळं होतं. यात बुद्धीचा काही संबंध नाही. तोंडी विचारलं तर तिला सगळं येतं, हे तुम्हीच लिहिलंय.

मग ६/६ कसं? तुमचे डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत. तो तक्ता सहा मीटरवर असतो, एका वेळी एकच डोळा उघडा असतो आणि वाचायची असतात जेमतेम पाच-सहा अक्षरं. सहा मीटरवर बघताना डोळे जवळपास समांतर असतात, त्यांना आत वळायचं काम पडतच नाही. मुलीची अडचण येते ती वीतभरापासून हातभर अंतरावर, दोन्ही डोळे उघडे असताना आणि वाचायला बसून दहा मिनिटं झाल्यावर. म्हणजे तक्त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे, फक्त तो प्रश्न तिचा नाही. हे मी मोठेपणाने सांगत नाहीये. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी स्वतः एका मुलाला तीनदा ‘डोळे उत्तम’ म्हणून परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी आणलं तेव्हा त्याच्या आजोबांनी माझ्यासमोर पुस्तक उघडून त्याला मोठ्याने वाचायला बसवलं आणि मला म्हणाले, ‘आता तुम्ही बघा, घाई करू नका.’ सातव्या-आठव्या मिनिटाला त्याचा उजवा डोळा कानाकडे सटकताना दिसला. त्या दिवसापासून मी वाचनाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला आधी वाचायला लावते.

तर पहिलं काम तपासणीचं. पुण्यातल्या त्या ठिकाणी पंधरा मिनिटांत कॉम्प्युटरवर जे झालं, त्यावर मी ४० रुपयेही लावले नसते, ४० सत्रं दूरच. नीट तपासणीला पाऊण ते एक तास लागतो. आधी थेंब घालून नंबर बघायचा. मुलांचे डोळे जोर लावून प्लसचा नंबर झाकून ठेवतात, तो थेंबांशिवाय सापडत नाही, आणि कधीकधी सगळं दुखणं तेवढंच असतं: साधा चष्मा लागतो आणि गोष्ट संपते. थेंबांनी नजर काही तास धूसर होते, म्हणून जवळच्या नजरेच्या बाकीच्या चाचण्या त्यांच्या आधी किंवा दुसऱ्या दिवशी करतात. एक डोळा झाकून-उघडून तो आडोशाआड कुठे जाऊन बसतो ते दूरवर आणि जवळ, दोन्हीकडे बघतात. कन्व्हर्जन्सच्या तक्रारीत जवळ बघताना तो दूरच्या मानाने जास्त बाहेर गेलेला सापडतो. प्रिझमची, म्हणजे प्रकाश वाकवणाऱ्या भिंगांची, पट्टी डोळ्यासमोर चढवत नेऊन जोडी किती ताण सहन करते ते मोजतात. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे किती जवळचं स्पष्ट करू शकतो तेही बघतात. आणि सगळ्यात साधी चाचणी म्हणजे बारीक खूण किंवा अक्षर नाकाकडे आणत जायचं आणि ‘दोन झालं की सांग’ म्हणायचं. बहुतेक मुलांचं पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत एकच राहतं. कुणाचं बारा सेंटीमीटरवर सुटतं, कुणाचं वीसवर.

ही शेवटची चाचणी तुम्ही घरी करून बघू शकता. पेनाच्या टोपणावर बारीक ‘क’ लिहा, उजेडात बसा आणि हळूहळू तिच्या नाकाकडे आणा. ती ‘दोन’ म्हणेल तिथे थांबा, किंवा ती काहीच बोलली नाही तरी एक डोळा बाहेर निसटताना तुम्हाला दिसला तर तिथे थांबा. पट्टीने अंतर मोजा. तीन-चार वेळा करा, कारण पहिल्या वेळी सगळेच बरे असतात, थकल्यावर खरं कळतं. हे निदान नव्हे. पण डॉक्टरांसमोर ‘वाचताना त्रास होतो’ म्हणण्यापेक्षा ‘पेन पंधरा सेंटीमीटरवर आलं की दोन दिसतं आणि वाचताना ती एक डोळा झाकते’ म्हणालात, तर खोलीतलं संभाषण बदलतं. मी खुर्चीच्या या बाजूला बसते, म्हणून सांगते.

आता तुमचा खरा प्रश्न. थेरपीवाले खरे की डॉक्टर? दोघेही अर्धे.

‘व्हिजन थेरपी’ या एका पाटीखाली बऱ्याच गोष्टी विकल्या जातात, त्यामुळे पाटीवर वाद घालून उपयोग नाही, कोणत्या दुखण्यावर ते विचारायचं. डोळ्यांच्या व्यायामाची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लुई एमिल झावाल नावाच्या डॉक्टरांनी बहिणीच्या तिरळेपणासाठी स्टिरिओस्कोपवरचे (दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या यंत्रावरचे) व्यायाम तिच्याकडून करून घेतले. पुढे इंग्लंडमध्ये डॉ. अर्नेस्ट मॅडॉक्स यांची मुलगी मेरी हिने हे काम पेशा म्हणून सुरू केलं, आणि पहिली ऑर्थोप्टिस्ट, म्हणजे डोळ्यांची जोडी जुळवण्याचे व्यायाम करून घेणारी, म्हणून तिचंच नाव घेतात. पण ‘आमच्याकडे फरक पडतो’ याला पुरावा म्हणत नाहीत. पुरावा आला तो २००८ साली अमेरिकेत. कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी असलेली ९ ते १७ वर्षांची २२१ मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटली. पहिल्या गटाने घरी पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम केला. दुसऱ्याने त्याच्या जोडीला घरच्या कॉम्प्युटरवरचे व्यायाम केले. तिसरा आठवड्यातून एकदा तासभर थेरपिस्टसमोर बसला आणि घरी रोज पंधरा मिनिटं करत राहिला. चौथ्याने तिसऱ्यासारखंच सगळं केलं, तितकाच वेळ, तितकीच यंत्रं, फक्त ते व्यायाम खोटे होते, डोळे आत वळायला न लावणारे.

बारा आठवड्यांनी थेरपिस्टसमोर बसणाऱ्या गटातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. पेन्सिलवाल्यांत ४३ टक्के, कॉम्प्युटरवाल्यांत ३३ टक्के, आणि खोट्या व्यायामाच्या गटात ३५ टक्के. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. कुणीतरी दर आठवड्याला तासभर मुलाकडे लक्ष देऊन बसलं, एवढ्यानेच तिघांतल्या एकाला बरं वाटायला लागलं. म्हणून शेजारच्या बाईंच्या मुलाला ‘फरक पडला’ हे ऐकून पैसे भरू नयेत. पण ७३ आणि ३५ यांतलं अंतर खोटं नाही. या एका दुखण्यावर, नीट करून घेतलेली थेरपी काम करते. तुमच्या डॉक्टरांचं ‘असलं काही नसतं’ इथे चुकतं. पेन्सिलीचा व्यायाम फुकट आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच सांगितला जातो, पण या अभ्यासात तो खोट्या व्यायामापेक्षा खात्रीने वरचढ ठरला नाही, हेही लक्षात असू द्या. जवळच्या कामाला प्रिझमचा चष्मा द्यायची पद्धत आहे. मुलांत तोही तपासला गेलाय, २००५ साली, आणि साध्या चष्म्याहून सरस निघाला नाही.

आता पुण्यातल्या मंडळींच्या वचनांकडे वळू. मार्क वाढतील? याच संशोधकांनी पुढे ९ ते १४ वयाच्या ३११ मुलांवर दुसरा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये छापून आला. एका गटाला सोळा आठवडे खरी थेरपी, दुसऱ्याला सोळा आठवडे खोटी. खऱ्या थेरपीने डोळे एकत्र वळण्याचं मोजमाप चांगलंच सुधारलं. पण वाचलेलं कळण्याच्या परीक्षेत दोन्ही गट सारखेच निघाले. थेरपी करणाऱ्यांना हा निकाल कडू लागला. मलाही लागला. माझ्या खुर्चीत बसून गेलेल्या कितीतरी आयांना मी त्याआधी ‘अभ्यासही सुधारेल’ असं म्हटलेलं आहे. आता म्हणत नाही. आता एवढंच म्हणते की डोकं दुखायचं कमी होईल, ओळी दोन दिसायच्या थांबतील, ती जास्त वेळ पुस्तकाशी बसू शकेल. बसल्यावर काय करायचं हे तिचं आणि तिच्या बाईंचं.

आणि पोरीला डिस्लेक्सिया असेल, म्हणजे अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्यातच अडचण असेल, तर त्यावर डोळ्यांचे व्यायाम चालत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून हे स्वच्छ सांगितलंय. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही, पण एक खूण सांगते. मोठ्या टायपात, सकाळी ताज्या डोळ्यांनी, एक डोळा झाकूनही ती शब्द फोडताना अडखळत असेल, तर शाळेकडून अध्ययन अक्षमतेची तपासणीही करून घ्या. राज्य मंडळाच्या परीक्षेत त्यासाठी सवलती आहेत, आणि दोन्ही अडचणी एकाच मुलात असूही शकतात.

‘पुढे चष्मा लागणार नाही’ हे तर सरळ थापेत जमा करा. मायनसचा नंबर डोळ्याचा गोळा लांबट झाल्याने येतो. व्यायामाने गोळा आखूड होत नाही. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स नावाच्या डॉक्टरांनी चष्मा फेकून द्यायचं शास्त्र काढलं होतं, त्याचेच नातू-पणतू आज यूट्यूबवर फिरतात. सासूबाई उगवत्या सूर्याकडे बघायला सांगत असतील तर तेवढं मात्र प्रेमाने पण ठामपणे थांबवा, डोळ्याचा पडदा कायमचा भाजू शकतो. त्राटक मन लावून करत असाल तर करा, पण एका ज्योतीकडे टक लावून बघण्यात डोळ्यांची आत-बाहेर ये-जा होत नाही आणि मुलीला नेमकी तीच शिकायची आहे. गाजर भाजीत घाला. मोबाईलने हे दुखणं जन्माला येत नाही, मात्र नाकाशी धरून तासभर बघितलेला मोबाईल दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो, म्हणून सासूबाईंना निम्मे गुण द्यायला हरकत नाही.

थेरपीत करतात काय, हे कळलं की खरं-खोटं तुम्हाला स्वतःला ओळखता येईल. लोक समजतात की डोळ्यांचे स्नायू अशक्त असतात आणि ते पिळदार करायचे असतात. तसं नाही. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू आहेत आणि या मुलांचे ते चांगले धडधाकट असतात. डोळे उजवीकडे वळवायला सांगा, डावीकडे वळवायला सांगा, ते कोपऱ्यापर्यंत बिनतक्रार जातात. फक्त ‘दोघांनी मिळून आत’ हा हुकूम मेंदूकडून नीट सुटत नाही. सायकल शिकण्यासारखं आहे. पाय मजबूत असून भागत नाही, तोल सापडावा लागतो, आणि एकदा सापडला की सहसा सुटत नाही. त्या २००८ च्या अभ्यासातली बरी झालेली मुलं वर्षभराने पुन्हा बघितली, तेव्हा बहुतेकांचं चांगलंच चाललं होतं.

माझ्या टेबलाच्या खणातली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे एक दोरी. फ्रेडरिक ब्रॉक नावाच्या ऑप्टोमेट्रिस्टच्या नावाने ती ओळखली जाते, पण आहे ती पांढरी सुती दोरी आणि तीन रंगीत मणी. तीन मीटर दोरी घ्यायची, एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याला टेकवून ताणून धरायचं. लाल मणी हातभर अंतरावर, पिवळा मध्ये, हिरवा गजाजवळ. आता मधल्या पिवळ्या मण्याकडे बघायचं. दोन्ही डोळे कामाला असतील तर दोऱ्या दोन दिसतात, आणि त्या बरोबर पिवळ्या मण्यात एकमेकींना कापतात, फुलीसारख्या. बाकीचे दोन मणी दुहेरी दिसतात, ते तसेच दिसायला हवेत. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे पुरेसे आत वळले नाहीत. अलीकडे पडली तर जास्त वळले. एकच दोरी दिसली तर मेंदूने एका डोळ्याचं चित्र बंद करून टाकलंय. मला ही दोरी आवडते ती यासाठी की मुलाला त्याची चूक त्याची त्याला दिसते. मी काही सांगायचं उरतच नाही. ‘फुली मण्यावर आण’ म्हटलं की नऊ वर्षांचं पोर जीभ दातांत धरून फुली ओढत आणतं, आणि ती मण्यात बसली की त्याचा श्वास सुटलेला ऐकू येतो. मग लाल, पिवळा, हिरवा, पुन्हा लाल, अशा उड्या. एकेका मण्यावर पाच मोजायचे.

याच्या पुढे प्लस-मायनसच्या भिंगांचा दांडा असतो, तो उलटा-सुलटा करत धूसर झालेलं अक्षर स्पष्ट करायचं. लाल-हिरव्या चष्म्यातून बघायची चित्रं असतात, ती एकमेकांपासून सरकवत नेली तरी जोडून ठेवायची. जुन्या दवाखान्यांत सिनॉप्टोफोर नावाचं मोठं यंत्र अजून दिसतं: एका डोळ्याला सिंह, दुसऱ्याला रिकामा पिंजरा, आणि सिंह पिंजऱ्यात घालायचा. मुलांना ते फार आवडतं. थेरपिस्ट दर आठवड्याला मोजमाप लिहितो आणि त्याप्रमाणे पुढचं अवघड करत नेतो. तुमच्या मुलीला नुसतं स्क्रीनसमोर बसवून थेरपिस्ट दुसऱ्या खोलीत जात असेल, तर तुम्ही पैसे खेळाचे भरताय. पहिल्या दोन आठवड्यांत डोळे थकतात, डोकं थोडं जास्तच दुखतं, ते चालायचंच.

आता चकरांचं. मी तुमच्या जागी असते तर आधी कुठेही पैसे न भरता एखाद्या मेडिकल कॉलेजच्या किंवा मोठ्या नेत्र रुग्णालयाच्या तिरळेपणाच्या ओपीडीत गेले असते. लहान मुलांचे नेत्रतज्ज्ञ आणि ऑर्थोप्टिस्ट किंवा ऑप्टोमेट्रिस्ट एकत्र बसतात तिथे. निदान कागदावर मागा, आकड्यांसकट. लक्षणांची १५ प्रश्नांची एक यादी असते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. मुलांत बेरीज १६ किंवा त्याहून जास्त आली तर त्रास खरा धरतात. तीही सुरुवातीला भरून घ्या, नंतर पुन्हा भरायची आहे. निदान पक्कं झालं तर बारा आठवड्यांचा बेत करा. शनिवारची सकाळची एसटी, दर आठवड्याला. तेही झेपत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा तिकडे दाखवायचं आणि मधल्या दिवसांत त्यांनी शिकवलेलं घरी, आठवड्याचे पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं. हा दुसरा मार्ग त्या ७३ टक्क्यांचा नाही हे मी लपवणार नाही, पण काहीच न करण्यापेक्षा किंवा ४० सत्रांचे आगाऊ पैसे भरून सातव्या आठवड्यात सोडून देण्यापेक्षा मला तो बरा वाटतो. बारा ते सोळा आठवड्यांत आकडे हललेच नाहीत, तर पुढची सत्रं घेऊ नका. निदानच पुन्हा तपासायला सांगा.

काही गोष्टींसाठी मात्र थेरपीचा विचारही करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दोन दिसू लागलं, आणि तेही लांबचं बघताना. एक पापणी खाली आली. दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या. सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखून उलटी झाली. किंवा डोक्याला मार लागल्यानंतर हे सगळं सुरू झालं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, तरी लिहून ठेवते, कारण हे सदर तुमच्याशिवायही कुणी वाचत असेल.

वर्गशिक्षिकांना भेटाल तेव्हा ‘लक्ष नाही’वर वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा की तपासणी चालू आहे, तोवर तिला ओळीखाली पट्टी धरू द्या, फळ्यावरचं उतरवायला दोन मिनिटं जास्त द्या, आणि वर्गात मोठ्याने वाचायला लावलं तर सुरुवातीलाच लावा, तासाच्या शेवटी नको. घरी पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर असू द्या. पलंगावर लोळून वाचणं बंद. दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून गॅलरीतून लांबचा डोंगर बघून यायचा. साताऱ्यात राहता, अजिंक्यतारा कुठूनही दिसतो.

तपासणी झाली की पेन किती सेंटीमीटरवर दोन झालं आणि त्या १५ प्रश्नांची बेरीज किती आली, हे दोन आकडे मला कळवा. पुढचं त्यावर बोलू. तोवर वाचताना तिने डोळ्यावर हात ठेवला तर ठेवू द्या.